सुरू होतंय, थांबा!

मराठीतला सर्वांत उर्मट शब्द कोणता, असं कुणी मला विचारलं तर मी एकाही शिवीचं नाव घेणार नाही. शिवी देणारा माणूस निदान आपल्याकडे बघून तरी देतो. माझ्या मते हा मान 'थांबा' या शब्दाचा आहे. आणि त्याच्याआधी 'सुरू होतंय' एवढं जोडलं, की तो नुसता उर्मट राहत नाही, लबाड होतो. कारण 'सुरू होतंय' म्हटल्यावर भांडायची सोयच उरत नाही. काय सुरू होतंय, कधीपासून, कधीपर्यंत आणि अजून का झालं नाही, यातलं काहीही न सांगता समोरच्याला अर्धा तास उभं करायची ताकद या दोन शब्दांत आहे.

हे मी ऐकीव बोलत नाही. मी काउंटरच्या दोन्ही बाजूंना उभा राहिलेला माणूस आहे. ३४ वर्षं शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालो, तेव्हा गावातल्या एका पतसंस्थेने मला मानद चिटणीस केलं. मानद म्हणजे पगार नाही आणि चिटणीस म्हणजे इतिवृत्त, ठराव आणि मेमो लिहायचे. अक्षर चांगलं असण्याचे हे तोटे.

संस्था लहान. चार काउंटर, एक मॅनेजर, एक शिपाई आणि मागच्या खोलीत एक सर्व्हर. एकदा त्या खोलीत शॉर्टसर्किट होऊन खिडकीचा पडदा जळाला, तेव्हापासून रात्री मेन स्विच बंद करायचा असा संचालक मंडळाचा ठराव आहे. (ठराव माझ्याच अक्षरात.) त्यामुळे आमचा सर्व्हर रोज नव्याने जन्म घेतो. शिपाई ९.४५ ला बटण दाबतो आणि १० वाजता काउंटर उघडावा अशी अपेक्षा असते. सहा महिने तो १०.२२ च्या आत उघडला नाही.

तुम्ही म्हणाल, बावीस मिनिटांनी काय बिघडतं? काउंटरच्या आतल्या माणसाचं काहीच बिघडत नाही. पण आमच्याकडे वाडीवरून एक आजी येतात. नवऱ्याच्या माघारी ठेवलेल्या ठेवीचं महिन्याचं व्याज न्यायला. त्यांची परतीची एसटी १०.२० ची. ती चुकली की पुढची २ वाजता. म्हणजे आमची बावीस मिनिटं ही आजींच्या हिशोबात जवळजवळ चार तास होतात, आणि तेही उन्हात, स्टँडवर, उपाशी. एकदा बाकावर बसल्या बसल्या त्यांनी मला विचारलं, "मास्तर, त्ये मशीन कुणाची वाट बघतंया?"

मी हसलो. म्हटलं, "आजी, मशीन वाट बघत नसतं. नेटवर्क स्लो आहे." हे उत्तर मला मॅनेजरांनी शिकवलं होतं, त्यांना इंजिनिअरने. इंजिनिअरला कुणी शिकवलं, देव जाणे. आता कळतंय, त्या संपूर्ण इमारतीत त्या दिवशी एकच शहाणा प्रश्न विचारला गेला आणि तो विचारणाऱ्या बाईला मी अडाणी समजलो.

आमच्याकडे तोपर्यंत तीन इंजिनिअर येऊन गेले होते. पहिल्याने सर्व्हरकडे, डॉक्टर दारातूनच रोग्याकडे बघतो तसं, दारातून पाहिलं आणि विचारलं, "बंद करून चालू केला का?" केला. "परत करा." केला. चालला. तो गेला. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. त्यातलं मर्म एवढंच होतं, की काउंटरचा प्रोग्रॅम नेटवर्क मिळायच्या आधीच उठायचा, नेटवर्क नाही म्हणून रुसून बसायचा आणि मग कुणीतरी हाताला धरून उठवल्याशिवाय उठायचा नाही. दुसऱ्या इंजिनिअरने यावर इलाज काढला. त्याने सर्व्हरला सांगून ठेवलं, की जाग आल्यावर नेटवर्क येईपर्यंत थांब आणि त्यानंतरही ५ मिनिटं काहीही न करता नुसता पडून राहा. तिसऱ्याने ते पाहिलं, मान डोलावली आणि खात्रीसाठी आणखी १० मिनिटं वाढवली. बिल तिघांनीही दिलं. पंधरा मिनिटं झोपून राहायचे पैसे कुंभकर्णालाही कुणी दिले नव्हते.

एवढं करूनही काउंटर उशिराच उघडतो म्हटल्यावर दोष कुणाचा तरी असायलाच हवा. सर्व्हरला मेमो देता येत नाही. नेटवर्कला देता येत नाही. इंजिनिअर आपल्या पगारावर नाहीत. उरला शिपाई. संचालक मंडळाने ठरवलं, की हा बटण उशिरा दाबत असणार. मेमो मी लिहिला. 'आपल्या हयगयीमुळे संस्थेच्या लौकिकास बाधा येत असून आपली एक वेतनवाढ का रोखू नये…' वगैरे. भाषा उत्तम साधली होती. त्याने यापुढे ९.१५ ला हजर राहावं, असंही त्यात होतं. दाराची किल्ली मॅनेजरांकडे असते आणि ते पावणेदहाशिवाय येत नाहीत, ही बाब मात्र मेमोत आली नाही.

हा शिपाई माझाच विद्यार्थी. तो दुसऱ्या दिवशी लेखी उत्तर घेऊन आला, म्हणाला, "सर, मी पावणेदहालाच दाबतो हो बटण." मी उत्तर चाळलं, सवयीने त्यातल्या ऱ्हस्वदीर्घाच्या दोन चुका लाल पेनने दुरुस्त केल्या, वर 'उत्तर असमाधानकारक' असा शेरा मारला आणि फाइलला लावलं. उत्तराला एक कागद जोडलेला होता. तो मी उलटूनही पाहिला नाही.

गौरी-गणपतीला माझी भाची पुण्याहून आली. ती हिंजवडीला सर्व्हर सांभाळायचंच काम करते. जेवताना मी सहज विषय काढला, की अगं, तुमच्या या मशीनला रोज सकाळी एवढा वेळ का लागतो? तिने वरणभात कालवता कालवता विचारलं, "मामा, पडद्यावर काय येतं?"

"म्हणजे?"

"म्हणजे सुरू होताना पडद्यावर काहीतरी लिहून येत असेल ना. काय येतं?"

मंडळी, संचालक मंडळात आम्ही अकरा जण. त्यात एक वकील, एक निवृत्त मामलेदार आणि मी, जन्मभर मुलांना 'उतारा नीट वाचा आणि मग उत्तरं लिहा' असं सांगत आलेला मास्तर. यातल्या एकानेही सहा महिन्यांत तो पडदा वाचलेला नव्हता. तिन्ही इंजिनिअरांनीही नव्हता.

दुपारी तिला घेऊन गेलो. शिपायाने दार उघडलं. भाचीने तोच प्रश्न त्याला विचारल्यावर तो संकोचत म्हणाला, "ताई, मी लिहून ठेवलंय. मेमोच्या उत्तराला जोडलं होतं एक पान. सरांकडं हाय." आणि त्याने शंभर पानी वही काढली. रोजच्या तारखा. ९.४५ बटण. ९.४९ अक्षरं आली. आणि खाली, इंग्रजी फारसं येत नसल्यामुळे, रांगोळीच्या ठिपक्यांसारखी एकेक जुळवून काढलेली अक्षरं: 'अ स्टार्ट जॉब इज रनिंग फॉर वेट फॉर नेटवर्क टु बी कॉन्फिगर्ड'. त्याच्यापुढे सरकणारं घड्याळ, २ मिनिटांपर्यंत. प्रत्येक दिवशी तेच.

भाची वहीकडे बघत म्हणाली, "मामा, निम्मं काम यांनी करून ठेवलंय." मी चष्मा पुसायला घेतला.

त्या वाक्याचा अर्थ असा. आमच्या सर्व्हरला पाठीमागे वायर लावायच्या दोन जागा आहेत. एकीत वायर आहे, दुसरीत कोळ्याचं जाळं. (नेटवर्कच म्हणायचं तर तेही नेटवर्कच.) पण सर्व्हर बसवताना कुणीतरी त्याला दोन्ही जागा नेमून दिल्या होत्या. लिनक्समध्ये एक पहारेकरी असतो. नेमलेल्या सगळ्या वाटा तयार झाल्याशिवाय तो नेटवर्कवर अवलंबून असलेल्या मंडळींना पुढे सोडत नाही. मात्र तो वेडा नाही. १२० सेकंद वाट बघतो आणि मग नाद सोडून देतो. म्हणजे सहा महिने, रोज सकाळी, २ मिनिटं आमचा सर्व्हर कुणीही कधीही न लावलेल्या वायरीची वाट बघत होता. आजींच्या प्रश्नाचं अगदी नेमकं उत्तर उपलब्ध होतं. मीच म्हटलं होतं, मशीन वाट बघत नसतं!

मग भाचीने एक आज्ञा टाइप केली. तिचं नावच मुळी 'ब्लेम' आहे. उठताना कुणी किती वेळ खाल्ला, याची यादी ती उतरत्या क्रमाने लावून देते. यादीत सगळ्यात वर आमचा काउंटरचा प्रोग्रॅम, १५ मिनिटं. त्याखाली पहारेकरी, २ मिनिटं. मी उत्साहाने म्हटलं, "हेच दोघे चोर!"

"नाही मामा. या दोघांनी कामच केलेलं नाही, हे नुसते थांबलेत. एकाला तुमच्या माणसांनी थांबवलंय, दुसरा वायरीसाठी थांबलाय. या आज्ञेच्या माहितीपत्रकातच सावध केलेलं आहे, की ही यादी फसवू शकते. एखाद्याला उशीर लागलेला दिसतो तो केवळ दुसऱ्याची वाट बघण्यात गेलेला असू शकतो."

चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण मी मुलांना शेकडो वेळा वाक्यात उपयोग करायला दिली आहे. एका संगणकाच्या माहितीपत्रकात ती जवळजवळ जशीच्या तशी असेल आणि माझ्या मेमोत तिचा उपयोग होईल, हे मात्र ध्यानात आलं नव्हतं. शिपाई बाजूलाच उभा होता. तो काही बोलला नाही. बोलला असता तर बरं वाटलं असतं.

आता मूळ दुखण्याकडे येतो, कारण इंजिनिअरांनी आग रामेश्वरी असताना बंब सोमेश्वरी नेला होता. मुळात नेटवर्क मिळायला उशीर का व्हायचा? आमच्याकडे सगळ्या वायरी एका पेटीत जातात. तिलाही स्विच म्हणतात, फक्त तिला बटण नसतं. ही पेटी नवी वायर जिवंत झाली की तिला लगेच आत घेत नाही. १५ सेकंद नुसतं ऐकते, पुढचे १५ सेकंद कोण कुठे आहे ते शिकते आणि मग दार उघडते. एकूण ३०. याला कारण आहे. दोन पेट्यांमध्ये चुकून दोन वाटा तयार झाल्या, तर एकीकडून गेलेला निरोप दुसरीकडून परत येतो, पुन्हा जातो, पुन्हा येतो आणि गावातल्या अफवेसारखा वाढत जाऊन सगळ्यांचं बोलणं बंद पाडतो. हे टाळायची युक्ती रेडिया पर्लमन नावाच्या बाईंनी १९८५ मध्ये काढली आणि तिच्यावर एक कविताही केली. इंजिनिअरने कविता करावी आणि कवितेच्या मास्तराने मेमो लिहावेत, असा हा काळ.

इकडे सर्व्हर उठल्याबरोबर पत्ता मागायला लागतो. होय, आमच्या सर्व्हरला स्वतःचा पत्ता नव्हता. तो रोज सकाळी दुसऱ्या एका यंत्राकडे मागायचा. भाची कपाळावर हात मारून म्हणाली, "मामा, सर्व्हरला कायमचा पत्ता द्यायचा असतो. तुम्ही त्याला रोज भाड्याची खोली शोधायला लावताय!" या मागण्याचा नियम १९९७ पासून लिहून ठेवलेला आहे. हाक मारायची, उत्तर नाही आलं तर ४ सेकंद थांबायचं. पुन्हा हाक, मग ८ सेकंद. मग १६. मग ३२. एखादा सेकंद इकडेतिकडे करायचा, म्हणजे सगळी यंत्रं एकाच वेळी ओरडत नाहीत. सभ्य माणूस शेजाऱ्याचं दार असंच वाजवतो.

आता हिशोब करा. पहिली हाक शून्याला, मग चौथ्या, मग बाराव्या, मग अठ्ठाविसाव्या सेकंदाला. पेटीचं दार उघडतं तिसाव्या सेकंदाला. चारही हाका बंद दारावर गेल्या आणि पुढची हाक थेट साठाव्या सेकंदाला! दोन सेकंदांनी गाडी चुकली आणि पुढची अर्ध्या मिनिटाने. आजींच्या एसटीचंच गणित. दोघेही नियमाने वागणारे, दोघेही सज्जन, पण दोघांची एकमेकांशी ओळख कुणी करून दिली नाही.

शिल्लक राहिलेलं पाप नावांच्या यादीचं. गेल्या वर्षी आम्ही इंटरनेटची कंपनी बदलली. पण नावावरून पत्ता सांगणाऱ्या यंत्रांच्या यादीत सगळ्यात वर जुन्या कंपनीचंच यंत्र राहिलं होतं. ते आता उत्तर देत नाही. सर्व्हर दर वेळी त्याला विचारायचा, ५ सेकंद वाट बघायचा, मग दुसऱ्याकडे जायचा. उठताना डझनभर नावं विचारायची, म्हणजे १ मिनिट.

बेरीज करा. सर्व्हरची स्वतःची तपासणी ४ मिनिटं, वायर २, झोप १५, नावं १. झाली २२. म्हणजे ९.४५ ला बटण दाबलं की १०.०७ ला आपोआप सुरू व्हायला हवं. मग १०.२२ का? कारण १० च्या ठोक्याला मॅनेजर केबिनमधून ओरडायचे, "अजून नाही? बंद करून चालू कर!" आणि शिपाई बिचारा बंद करून चालू करायचा. बावीस मिनिटं पुन्हा पहिल्यापासून. सहा महिने आम्ही रोज, उकळायला आलेलं दूध ओतून टाकून, नवीन दूध चुलीवर ठेवत होतो.

भाचीने जे केलं ते तासाभरात संपलं. मोकळ्या जागेपुढे 'ऐच्छिक' अशा अर्थाचा एक शब्द लिहिला. सर्व्हरला कायमचा पत्ता दिला. त्याच्या वायरीपुढे एकटाच सर्व्हर आहे, दुसरी वाट नाही, तेव्हा त्याला दाराशी ३० सेकंद तिष्ठत ठेवू नये, असं पेटीला सांगितलं. मेलेलं यंत्र यादीतून काढलं. आणि पंधरा मिनिटांची झोप पुसून टाकली. त्या सोमवारी सर्व्हर ९.५० ला तयार होता.

यावर आमच्या मंडळातले व्यवहारी लोक काय म्हणाले ऐका. "मास्तर, झोप घातल्यावर प्रोग्रॅम चालत होता की नाही? मग झालं तर! प्रत्येक गोष्टीच्या मुळाशी कुठे जायचं?" हा युक्तिवाद मी जन्मभर ऐकत आलोय. वर्गाचं छप्पर गळतं? बादली ठेवा. बादली भरते? दुसरी ठेवा. काही वर्षांनी वर्गात मुलांना बसायला जागा राहत नाही, पण प्रत्येक बादली आपापल्या परीने काम करत असते. कारण न शोधता वाढवलेली वेळ ही दुरुस्ती नव्हे. ते कर्ज आहे, आणि ते फेडतो कोण? ज्याने १५ मिनिटं वाढवली तो इंजिनिअर त्या वेळी आपल्या ऑफिसात चहा पीत असतो. फेडतात आजी.

आणि असंही समजू नका, की मी वाट पाहण्याच्याच विरुद्ध आहे. पर्लमनबाईंचे ३० सेकंद मला मान्य आहेत. त्याला कारण आहे, मर्यादा आहे आणि विचारलं तर दोन्ही सांगता येतात. त्या पहारेकऱ्याची २ मिनिटंसुद्धा मला मान्य आहेत. तो कुणासाठी थांबलाय ते पडद्यावर लिहीत होता, घड्याळ दाखवत होता, आणि वेळ संपल्यावर मुकाट्याने पुढे जात होता. एवढी सभ्यता मी कुठल्याही कचेरीत पाहिलेली नाही. आमच्यापेक्षा ते मशीन शंभरपट प्रामाणिक निघालं. वाईट थांबणं कुठलं, तर ज्याला नाव नाही आणि शेवट नाही. 'नेटवर्क स्लो आहे' म्हणजे कोण स्लो आहे? 'जरा थांबा' म्हणजे किती? यंत्रात काय किंवा कचेरीत काय, तीनच प्रश्न विचारायचे असतात: कोण थांबलंय, कुणासाठी, आणि कधीपर्यंत. याला इंजिनिअर व्हावं लागत नाही. हे प्रश्न ज्याला टाळायचे असतात तो 'तुम्हाला यातलं काय कळतं' असं विचारतो. आणि हे प्रश्न टाळले, की दोष जाऊन बसतो यादीत सगळ्यात वर दिसणाऱ्यावर, किंवा बटणाला सगळ्यात जवळ उभा असणाऱ्यावर.

पुढच्या सभेत मी मेमो मागे घ्यायचा विषय मांडला. तेव्हा कळलं, की मेमो द्यायचा छापील नमुना संस्थेत आहे, मागे घ्यायचा नाही. तशी वेळच कधी आलेली नव्हती. मामलेदारसाहेब म्हणाले, "वेतनवाढ रोखलेली नाही ना? मग राहू दे फाइलला. त्याने काय होतंय?" मी म्हटलं, "पर्लमनबाईंनी पेट्यांची सोय केली, पण अफवा फाइलमध्येही फिरत राहते." कुणाला कळलं नाही. मग मी नमुना स्वतःच लिहिला: 'दिनांक अमुकचा मेमो चौकशी न करता देण्यात आला होता. उशीर आपल्यामुळे होत नव्हता. आपल्या उत्तरासोबतचा कागद वाचला गेला नाही, ही चूक चिटणीसांची आहे.' ठराव एकमताने नाही, बहुमताने मंजूर झाला. तेवढं पुरे.

कागद शिपायाच्या हातात दिला. त्याने तो सावकाश, ओळीवर बोट ठेवत, शेवटपर्यंत वाचला. मी वाट बघत उभा राहिलो. मग तो म्हणाला, "सर, ती वही आता बंद करू?"

"नको," मी म्हटलं, "चालू ठेव. आणि दर शनिवारी मला दाखव. लाल पेन मी घरी ठेवलंय."